घरी बसूनही ड्युटीवर

पत्र: "नमस्कार मॅम. मी २६ वर्षांची आहे, मुंबई बेसवर एअरबस ए३२० ची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर, येऊन वर्ष झालं. राहते बदलापूरला, आईबाबांकडे. फ्लाइट असते त्या दिवसांचं काही वाटत नाही, पण रोस्टरवर 'होम स्टँडबाय', म्हणजे ऐनवेळी बोलावतील म्हणून घरी तयार राहायची ड्युटी, दिसलं की पोटात गोळा येतो. फोन आल्यापासून दोन तासांत रिपोर्टिंग करायचं असा आमच्या कंपनीचा नियम आहे. मी युनिफॉर्म घालून बसून राहते, झोप येत नाही. आई म्हणते, घरीच आहेस तर जरा बँकेत जाऊन ये. मागच्या महिन्यात दुपारी दोनपासून स्टँडबाय होतं आणि रात्री साडेनऊला फोन आला, दिल्ली जाऊन परत. मी पहाटे पाचपासून जागी होते, तरी 'येते' म्हणाले. परतीच्या लँडिंगला डोळे अक्षरशः ओढून उघडे ठेवले. अंधेरीत खोली घ्यावी का? ड्युटी लावणाऱ्या शेड्यूलिंग विभागाला नाही म्हटलं तर नाव खराब होईल का? आणि पुढच्या आठवड्यात पुण्यात मावसबहिणीचं लग्न आहे, नेमकं त्याच दिवशी स्टँडबाय आलंय. जाऊन येऊ का?"

तुझे प्रश्न तू ज्या क्रमाने विचारलेस त्या क्रमाने मी घेणार नाही. खोलीचं नंतर बघू. आधी तो साडेनऊचा फोन.

त्या रात्रीची बेरीज कर. पहाटे पाचला उठलीस. साडेअकराला रिपोर्टिंग, साडेबाराच्या सुमारास टेकऑफ, दिल्लीत थोडा वेळ जमिनीवर, आणि मुंबईत परत उतरेपर्यंत पहाटेचे पाच-साडेपाच. म्हणजे शेवटच्या लँडिंगला तू चोवीस तास जागी होतीस. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला होता. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच चुकतो, आणि चोवीस तासांच्या आसपास ते प्रमाण ०.१० टक्क्यांवर जातं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे ब्रेथ ॲनालायझरवर शून्याच्या वर काही दाखवलं तर तुला विमानाच्या जवळ जाऊ देत नाहीत. जागरण मोजायचं यंत्र मात्र त्या खोलीत नाही. ते तुलाच मोजावं लागतं.

त्यातही ती ड्युटी कागदावर बहुधा पूर्ण कायदेशीर होती. दोन लँडिंग, एकूण तास मर्यादेत, आधीची विश्रांती नियमाप्रमाणे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी २०२४ मध्ये जारी केलेले आणि २०२५ मध्ये जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झालेले नवे एफडीटीएल, म्हणजे ड्युटीच्या तासांच्या मर्यादेचे, नियम आधीपेक्षा नक्कीच कडक आहेत. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर गेली, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. पण तू दुपारी दोन ते साडेनऊ काय केलंस, झोपलीस की बँकेत रांगेत उभी राहिलीस, हे कुठल्याच नियमाला दिसत नाही. नियम तुझी ड्युटी मोजतो. झोप तुझी तुलाच मोजायची आहे.

म्हणून स्टँडबायकडे बघण्याची दिशाच उलटी कर. तू फोनची तयारी करतेस: युनिफॉर्म, शूज, बॅग दाराशी. तयारी शेवटच्या लँडिंगची करायची. रोस्टरवर स्टँडबाय दिसलं की पहिला प्रश्न हा, की यात सर्वात उशिरा फोन आला आणि सर्वात लांबची ड्युटी मिळाली, तर मी चाकं जमिनीला कधी लावेन? दुपारी दोन ते रात्री दोन असं स्टँडबाय असेल तर उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कधीतरी असं येईल. मग त्या दिवशी पहाटे पाचला उठणं हीच पहिली गडबड. आदल्या रात्री उशिरा झोपायचं, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत अंथरुणात राहायचं, जेवण हलकं ठेवायचं आणि तीनच्या सुमारास पडदे ओढून पुन्हा आडवं व्हायचं. तास-दीड तास झोप लागली तर उत्तमच, नाही लागली तरी पडून राहायचं. पहाटे चारपासूनचं स्टँडबाय असेल तर सगळं उलट. आदल्या संध्याकाळी आठला दिवे बंद, घरात मालिका चालू असो की क्रिकेट.

थोडीशी झोपही वाया जात नाही. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने कॉकपिटमध्येच ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली होती. सरासरी झोप लागली जेमतेम २६ मिनिटं, आणि तेवढ्यानेही उतरण्याच्या टप्प्यातला सावधपणा स्पष्ट वाढलेला दिसला. झोपेतून उठल्या उठल्या मात्र डोकं धड चालत नाही, हेही लक्षात ठेव. २२ मे २०१० ला मंगळुरूला दुबईहून आलेलं बोइंग ७३७ सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी सोडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते आणि जाग आल्यानंतरच्या जडपणाचा त्यांच्या निर्णयांवर परिणाम झाला असावा, असं चौकशी न्यायालयाने नोंदवलं. तुझ्या बाबतीत याचा उपयोग साधा आहे. झोपेत फोन आला तर पहिली पाच मिनिटं काही ठरवायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. उशाशी कागद-पेन ठेव.

आणि तो युनिफॉर्म काढ बाई. लग्नघरातल्या करवलीसारखं सकाळपासून नटून बसलं तर झोप येणार कशी? शर्ट इस्त्री करून हँगरला, खांद्यावरचे एपोलेट्स लावलेले. लायसन्स, मेडिकल, पासपोर्ट, एअरपोर्ट पास बॅगेच्या एकाच कप्प्यात. आयपॅड चार्जिंगला आणि चार्ट्स अपडेट केलेले, हेडसेट बॅगेत. रात्रीच्या मुक्कामाचे कपडे वेगळ्या पाउचमध्ये, कारण स्टँडबायवरून निघालेली माणसं दिल्लीला म्हणून जातात आणि गुवाहाटीला झोपतात. हे सगळं आदल्या रात्री झालं की फोननंतर तयार व्हायला वीस मिनिटं पुरतात. फोन सायलेंटवर नाही, पण इतर सगळ्या सूचना बंद. शेड्यूलिंगचा नंबर तेवढा वाजू दे. असं केलंस तरच दर तीन मिनिटांनी स्क्रीन बघायची सवय सुटेल. खरं सांगायचं तर दमवतं ते हे सारखं बघणंच, फोन नव्हे.

आता फोन आल्यावर काय बोलायचं. 'येते' हा शेवटचा शब्द असायला हवा, तू तो पहिला वापरतेस. आधी विचार: कुठली फ्लाइट, किती सेक्टर (म्हणजे किती उड्डाणं), रिपोर्टिंग किती वाजता, टर्मिनल एक की दोन, शेवटचं लँडिंग किती वाजता, परत मुंबईत की मुक्काम, गाडी येणार आहे का. टर्मिनलचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. विलेपार्ल्याच्या बाजूचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांत गर्दीच्या वेळी अर्धा तास सहज जातो. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा नुसतं 'मुंबईहून' एवढ्यावर गाडीत बसू नकोस.

हे सगळं कळलं की मनात दोन बेरजा कर. एक नियमाची. फ्लाइट ड्युटी पिरियड, म्हणजे उड्डाणाच्या ड्युटीचा मोजला जाणारा काळ, टेकऑफपासून नाही, रिपोर्टिंगपासून सुरू होतो आणि त्यात स्टँडबायचाही हिशेब येतो. विमानतळावरचं स्टँडबाय जास्तीत जास्त ८ तासांचं असतं आणि त्यावरून फ्लाइट मिळाली तर बसलेला सगळा वेळ त्या ड्युटीत धरतात. घरचं किंवा हॉटेलमधलं स्टँडबाय १२ तासांपर्यंत असू शकतं आणि त्याचा काही हिस्सा धरतात. तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधलं ते पान फोनमध्ये ठेव. टर्मिनलवर सहा तास बसल्यावर कोणी चार सेक्टर हातात ठेवले तर 'माझे तास बसतात का ते एकदा तपासा' एवढं म्हणायला संकोच कसला? शेड्यूलिंगच्या खोलीतली मुलं एकाच वेळी वीस ठिगळं लावत असतात. त्यांची चूक फोनवर पकडली तर एक विमान उशिरा निघतं. तीच दिल्लीत पकडली तर दीडशे प्रवासी अडकतात.

दुसरी बेरीज झोपेची, आणि तुझा खरा प्रश्न इथे आहे: नाही म्हणावं का?

हो, म्हणावं. पण कसं, तेही बघ. 'थोडी दमलेय, दुसरं कोणी आहे का' असं अर्धवट बोललीस तर पलीकडचा माणूस तुला समजावायला लागेल आणि पाच मिनिटांत तू गाडीत असशील. सरळ सांग: "मी सकाळी पाचपासून जागी आहे. स्टँडबायमध्ये झोप झालेली नाही. शेवटचं लँडिंग पहाटे साडेपाचला आहे. या ड्युटीसाठी मी फिट नाही, फटीग रिपोर्ट भरते आहे." चार वाक्यं. माफी नाही, आवाज चढवणं नाही. आपण थकलो आहोत हे ठाऊक असताना उड्डाण करायचं नाही, ही नियमाने तुझ्यावर टाकलेली जबाबदारी आहे. सवलत मागते आहेस असं समजू नकोस. तासाभराने कमी लांबीची ड्युटी करता येण्यासारखी असेल तर तेही सांग. पुष्कळदा अदलाबदल होते. आजारी नसताना 'सिक' मात्र टाकू नकोस. सोपं वाटतं, पण मग थकव्याची नोंद कुठेच राहत नाही. नव्या नियमांत विमान कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या अहवालांचं विश्लेषण डीजीसीएला द्यायचं आहे आणि असा अहवाल देणाऱ्यावर कारवाई होऊ नये असंही त्यात आहे. तुझा अहवाल गेलाच नाही तर त्या विश्लेषणात काय येणार?

नाव खराब होईल का? एखाद्या मॅनेजरच्या कपाळावर आठी येईल. कधी 'जरा भेटून जा' असा निरोप येईल. तेव्हा झोपेच्या वेळा लिहिलेला कागद बरोबर ने. मी लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरचं प्रशिक्षण, देत असताना फर्स्ट ऑफिसरांकडे ज्या नजरेने बघायचे, त्यात कधीतरी फटीग कळवणारा मला कधी खटकला नाही. लग्नाच्या हळदीत रात्रभर नाचून सकाळी 'फटीग' कळवणारे मात्र लगेच ओळखू यायचे. विश्रांतीचा वेळ दिलेला असताना विश्रांती घेणं हीही तुझीच जबाबदारी आहे. त्या रात्री तुझं चुकलं ते फोनवर नव्हे, दुपारी. साडेनऊपर्यंत तुझ्याकडे दोनच वाईट पर्याय उरले होते.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. उड्डाणाआधी १२ तास मद्य नाही हे तुला पाठ असेलच. स्टँडबायच्या दिवशी ते १२ तास फ्लाइटपासून नाही, स्टँडबाय सुरू होण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे, कारण फोन पहिल्या मिनिटालाही येऊ शकतो. पावसाळ्यात घसा धरला की आई कफ सिरप देते, शेजारच्या काकू होमिओपॅथीचे थेंब देतात, आणि त्या थेंबांत बहुतेक वेळा अल्कोहोलच असतं. माउथवॉशचंही तसंच. पहिल्यांदा चाचणी पॉझिटिव्ह आली तरी लायसन्स तीन महिने निलंबित होतं, आणि 'मी औषध घेतलं होतं' हे तिथे कोणी ऐकत नाही. घाईत निघताना या चुका होतात, म्हणून त्या बाटल्या तुझ्या खोलीतच नकोत.

आता खोली. घे, पण एकटीने नको. बदलापूरहून दोन तासांत विमानतळ गाठता येतो, हे दुपारी चारला खरं आहे. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल नसते, सकाळी साडेआठला लोकलमध्ये क्रू बॅग घेऊन चढता येत नाही, आणि शिळफाट्याची कोंडी तुला माहीत आहेच. आणि पाऊस! २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा दिवशी तर स्टँडबायवाल्यांना हमखास फोन जातो, कारण आधीच्या क्रूचे तास विमानं आकाशात घिरट्या घालण्यात संपलेले असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तू बदलापूरहून स्टँडबाय करणं म्हणजे शेड्यूलिंगला न पाळता येणारा शब्द देणं.

लांब राहून विमान उडवण्याचा हा पेच आपलाच नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला न्यूअर्कहून निघालेलं कोलगन एअरचं विमान अमेरिकेत बफेलोजवळ पडलं आणि ५० जण गेले. त्यातल्या तरुण फर्स्ट ऑफिसरचं घर सिएटलजवळ होतं, बेस न्यूअर्क. ती आदल्या रात्री अख्खा देश ओलांडून, मालवाहू विमानात बसून ड्युटीवर आली होती. कॅप्टन क्रू रूममध्येच झोपले होते. स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून विमान उचल गमावतंय अशा, इशाऱ्याला कॅप्टननी उलट प्रतिसाद दिला हे अपघाताचं कारण ठरलं. थकवा नेमका किती जबाबदार, हे ठरवता आलं नाही. पण त्यानंतर तिथले ड्युटीचे नियम बदलले आणि जानेवारी २०१४ पासून 'रिझर्व्ह'च्या, म्हणजे तिकडच्या स्टँडबायच्या, वैमानिकाला फोनसाठी उपलब्ध राहण्याचा काळ १४ तासांवर बांधला गेला, तो काळ सुरू होण्याआधी १० तासांची विश्रांतीही आली. बेसपासून लांब राहणारे तिकडचे वैमानिक विमानतळाजवळ चार-सहा जणांत मिळून 'क्रॅश पॅड' घेतात, म्हणजे नुसता पलंग भाड्याने.

तूही तेच कर. मरोळ, चकाला, जे. बी. नगर इथे क्रूचे असे सामाईक फ्लॅट असतात, आणि मेट्रो तीनचं स्टेशन आता थेट टर्मिनल दोनपाशी आहे. पण झोपायला स्वतंत्र खोली हवी, भले लहान असो. पहाटे तीनला बॅग भरणाऱ्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहिलीस तर बदलापूर बरं होतं असं वाटेल. फ्लाइटचे दिवस आणि स्टँडबाय तिथे, ४८ तासांची साप्ताहिक विश्रांती घरी. नवी मुंबईच्या विमानतळामुळे पुढे बदलापूर सोयीचं होईलही, पण तुझा बेस तिकडे हलल्याचा कागद येईपर्यंत त्यावर विसंबू नकोस. टाइप रेटिंगच्या (ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाच्या) कर्जाचा हप्ता चालू असणार, भाडं जड वाटेल हे समजतं. वर्षभरासाठी घे आणि मग बघ.

आईचं म्हणणं खोलीने अर्धं सुटेल. उरलेलं अर्धं तिला समजावून सुटेल असं मला वाटत नाही, कारण 'घरीच तर आहेस' हे तिला डोळ्यांना दिसतं. तिला नियम सांगत बसू नकोस. फ्रिजवर महिन्याचं रोस्टर लाव, स्टँडबायचे तास लाल पेनने रंगव आणि सांग, लाल असेल तेव्हा मी विमानात आहे असं समज. गॅसवाला आला, पाहुणे आले, तरी विमानातल्या मुलीला कोणी हाक मारत नाही. बाबांना सांगितलंस तर ते बहुधा जास्त कडकपणे पाळतील. निवृत्त माणसांना वेळापत्रक आवडतं. (तुझे बाबा निवृत्त आहेत असं मी गृहीत धरतेय. नसतील तर राग मानू नकोस.)

स्टँडबायची गरज का असते, हे एकदा कळलं की त्याचा रागही थोडा कमी होतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आठवत असेल. नवे नियम पूर्ण लागू झाले आणि त्यांना पुरेल इतकी माणसं हाताशी नव्हती. डीजीसीएला रात्रीच्या काही अटी त्या कंपनीसाठी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. दिल्लीचं धुकं, मुंबईचा पाऊस, कोणाचं तरी आजारपण, हे सगळं झेलायला घरी पडून असलेली, झोप झालेली माणसं लागतात. त्या दिवशी फोन आलाच नाही तर तू काही केलं नाहीस असं होत नाही.

राहिलं लग्न. स्टँडबायवर असताना पुण्याला जायचं नाही, एक्सप्रेसवे कितीही मोकळा असला आणि आधीचे तीन स्टँडबाय फोनशिवाय गेले असले तरी. पण अजून आठवडा आहे. आजच स्वॅपची, म्हणजे ड्युटी अदलाबदलीची, विनंती टाक, आणि ॲपवर टाकून वाट बघत बसू नकोस; ज्यांना त्या दिवशी ऑफ आहे अशा दोघा-तिघांना स्वतः फोन कर आणि बदल्यात दिवाळीतला एखादा स्टँडबाय घ्यायची तयारी दाखव. दिवाळी म्हटलं की लोक लगेच विचार करतात. स्वॅप मिळाला तर मंजुरी रोस्टरवर दिसेपर्यंत पुण्याचं तिकीट काढू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी नाही ना, तेही आधी बघ. नाहीच जमलं तर मावशीला आत्ताच सांग, आदल्या दिवशी नको.